ढोलकीच्या जागी खेळणं

त्या वस्तूला वाद्य म्हणायला माझी जीभ वळत नाही. शाळेच्या पाटीपेक्षा जरा लांब, वर पंचवीस पट्ट्या, त्याही दुधाच्या दातांएवढ्या बारीक, आणि पट्ट्यांच्या डोक्यावर सोळा चौकोनी बटणं. बटणांत दिवे. लाल, निळे, जांभळे. जत्रेत पोरांना मिळतं तसलं खेळणं. फरक एवढाच की जत्रेतलं निदान वाजतं तरी.

हे वाजत नाही. तेजस्वीने ते पहिल्यांदा लवूच्या पडवीत आणून ठेवलं तेव्हा मी स्वतः पट्टी दाबून पाहिली. चिडीचूप. दुसरी दाबली, तीही मुकी.

"गो, दुकानदारानं बिघडलेला दिलान तुला," मी म्हणालो.

"बिघडलेलं नाही, काका. ह्याला स्वतःचा आवाज नसतोच. हे नुसतं हुकूम सोडतं. आवाज लॅपटॉपमध्ये तयार होतो आणि स्पीकरमधून येतो."

"म्हणजे मुकादम."

ती हसली. मी हसवायला बोललो नव्हतो. चिऱ्याचा गवंडी म्हणून तीस वर्षं काढली आहेत मी, मुकादम काय चीज असते ते मला कुणी शिकवायला नको. स्वतः थापीला हात लावायचा नाही आणि दिवसभर दुसऱ्याला सांगायचं, इथे ठोक, तिथे ठोक. तर आता आमच्या जाखडीला मुकादम आला होता, तोही वायर लावलेला.

ही तेजस्वी म्हणजे लवूची एकुलती मुलगी. रत्नागिरीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला असते. दिवसा लोकांचं रक्त काढते आणि घरी गेली की कॉम्प्युटरवर गाणी बनवते. कसली गाणी विचाराल तर धाड धाड धाड, मध्येच आमच्या जाखडीची एखादी ओळ, परत धाड धाड. मोबाइलवर हजारो लोक ऐकतात म्हणे. गाढवाला गुळाची चव काय, ऐकतील नाहीतर काय करतील.

आणि लवू म्हणजे लवूबुवा, आमच्या वाडीचा शाहीर. अंजनवेलच्या अलीकडे खाडीच्या ह्या अंगाला आमची वाडी. गौरी-गणपतीत इथे जाखडी होते. शाहीर मध्ये बसतो, ढोलकीवाला त्याच्या मांडीला मांडी लावून. मागे झांजवाले आणि ओळ परतवून झील धरणारे, आणि भोवताली पायात घुंगरू बांधलेले बारा-चौदा गडी गोल फिरून नाचतात. समोर दुसऱ्या गावचा संच. आम्ही शक्तीवाले, समोरचे तुरेवाले. त्यांनी गाण्यातून सवाल टाकायचा, आम्ही गाण्यातून जवाब द्यायचा. पुराणातलं काहीही विचारतात. जवाब आला नाही तर वर्षभर गाव तोंड लपवतं.

त्या संचात अडतीस वर्षं मी ढोलकी वाजवली. लवूच्या डाव्या हाताची जागा माझी. त्याच्या लग्नाआधीपासून माझी.

आता तुम्ही परगावचे, म्हणून सांगतो. गेली सहा-सात वर्षं लवू गाता गाता विसरतो. आवाज अजून खणखणीत आहे, पण मध्येच ओळ निसटते. डोळे स्थिर होतात, मान जरा वर जाते. दुसऱ्या कुणाला कळत नाही, मला कळतं. मग मी काय करायचो? ठेका सोडून तोड सुरू करायचो. चांगली घुमवायचो, दोन फेर, तीन फेर. नाचणाऱ्यांना वाटायचं बाबूला आज रंग चढलाय, ते आणखी जोरात नाचायचे. आणि त्या गोंधळात मी लवूच्या कानाशी वाकून ओळीचा पहिला शब्द सांगायचो. की गाडी परत रुळावर.

चौदा रत्नांचं पद घ्या. समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, ती ओळीने सांगणारं आमच्या गुरूंचं पद आहे. चार कडवी, चारही वेगळ्या चालीत. लक्ष्मी, कौस्तुभ वगैरे पहिल्यात झाली, धन्वंतरी, चंद्र, कामधेनू दुसऱ्यात झाली, की तिसऱ्याच्या तोंडाशी लवू हमखास अडणार. तिथे ऐरावत येतो. मी नुसतं "हत्ती" म्हणायचो. माझ्या एका हत्तीवर लवूची शाहिरी उभी होती, स्पष्ट सांगायचं तर.

शाहीर अडतो हे एकदा बाहेर कळलं की त्याला कुणी सामन्याला बोलावत नाही. त्याच्या जागी दुसरा बसतो आणि तो आरतीला टाळ धरतो. लवूकडे दुसरं काही नाही. बायको गेली, भात पोटापुरता, आंब्याची कलमं पाच. शाहिरी गेली तर तो वर्षभरात आटोपेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच तर मी सांभाळत होतो. त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं, मला होतं.

तर त्या दिवशी पडवीत तालीम होती. गणपतीला दोन आठवडे होते. तेजस्वीने ते खेळणं मांडीवर घेतलं, बोटाने त्या चौकोनी बटणांवर टिचक्या मारल्या. जिथे टिचकी मारली तिथे दिवा लागला. मग एक बटण दाबलं आणि दिवा डावीकडून उजवीकडे धावायला लागला, आणि स्पीकरमधून ढोलकी वाजायला लागली. धावत शेवटाला गेला की परत पहिल्यापासून.

"एकदा टिपून ठेवलं की आपलं आपण चालू राहतं," ती म्हणाली.

"म्हणजे तू झोपलीस तरी वाजणार."

"हो."

"मेलीस तरी."

"बाबू," लवू म्हणाला.

"मी खोटा काय बोललो? घड्याळ हाय ता. घड्याळाला काय कळताय, समोर कोण गाताय नि त्याला दम लागलाय की नाय? माझ्या हाताला कळताय."

मला वाटलं लवू मान डोलवेल. अडतीस वर्षं तो माझ्या बोलण्यावर मान डोलवत आला होता. पण तो जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्या वर्षी तेजूच्या ठेक्यावर गाऊन बघतंय. तू झांज धर."

झांज. ज्याला ठेका कळत नाही, ज्याचा गळा चालत नाही आणि ज्याला घरी बसवलं तर वाईट दिसतं, त्याच्या हातात आम्ही झांज देतो. तेरा वर्षांचा असताना मी झांज सोडली ती परत धरली नव्हती.

मी उठलो. ढोलकी खोळीत घातली, चेन ओढली. पडवीत बारा जण बसले होते. ज्या गड्यांना मी पाय उचलायला शिकवलं ते सगळे त्या दिव्यांकडे टकामका बघत होते. पायरी उतरताना मी एवढंच म्हणालो की मुकी बाहुली घेऊन सामन्याला बसा, आणि नाक कापलं की माझ्याकडे येऊ नका.

घरी जनीला सगळं सांगितलं. जनी माझी बायको. तिला वाटणाचं जमतं, सांत्वनाचं जमत नाही.

"झांज धरलात तर काय हात झडताय?" ती म्हणाली.

"कानामागून आली नि तिखट झाली ती पोरगी. बापसाला फूस लावलान तिनं."

"लवूभावजींना इचारलात, का म्हणून?"

"इचारायचा काय त्यात? लेकीचा लाड."

"अडतीस वर्षं ज्याला बाजूला बसवलान, त्याला माणूस उगाच उठवीत नाय," जनी म्हणाली आणि नारळ खवायला बसली. बायकांना नसत्या ठिकाणी खोल पाणी दिसतं. मी लक्ष दिलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी तालमीला गेलो नाही. पण वाडी केवढी? रस्त्यावरून जाताना ऐकू यायचं. धाड धाड नव्हतं, तेवढं मान्य करतो. ढोलकीसारखं काहीतरी होतं, आणि मध्ये बासरीसारखं काहीतरी. सारखं म्हणजे सारखंच. उसाचा रस आणि साखरेचं पाणी दोन्ही गोडच लागतं, म्हणून कुणी एक समजत नाही. एकदा मी कुंपणाशी थांबून मुद्दाम मोजलं. सोळा ठोके, परत सोळा, परत सोळा, एका केसाचा फरक नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कारण मला त्यात लवूची अडण्याची जागा दिसत होती. तो अडेल, आणि हे खेळणं आपलं पुढे जाईल. त्याला कुठली तोड घुमवता येते? त्याला कुठे हत्ती म्हणता येतं?

सामना गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होता, दुपारी तीन वाजता. पूर्वी रात्रभर चालायचा. आता मुंबईकरांच्या परतीच्या गाड्या सहा वाजता सुटतात, म्हणून देवदिकांना, शाहिरांना आणि उन्हाला सगळ्यांनाच मुंबईकरांच्या वेळापत्रकात बसवलं आहे. गावात चार दिवस राहायचं आणि वर्षभराचा कारभार सांगून जायचं, अशी आमची मुंबईकर मंडळी. त्यांनीच तेजस्वीला डोक्यावर घेतलं होतं. बाई माणूस शाहिराशेजारी वाद्याला, नवीन आहे, व्हिडिओ चांगला होईल, असं म्हणत खुर्च्या पुढे ओढून मोबाइल सरसावून बसले होते.

मी पण गेलो. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलो आणि ढोलकी खोळीसकट मांडीशी उभी ठेवली. माझा बेत साधा होता. लवू अडणार, हे नक्की. तो माझ्याकडे बघणार, हेही नक्की. भर मांडवात हाक मारणार, "बाबू, ये." मग मी उठणार. मी काही वैरी नव्हतो, हाक मारली असती तर त्याच क्षणी धावलो असतो. पण हाक त्याने मारायला हवी होती, सगळ्यांच्या समोर. एवढंच मला पाहिजे होतं.

समोरचा संच दाभोळचा. सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून आलेला. त्यांचा शाहीर सुजय, वय असेल पस्तिशीचं, फेटा बांधण्यात अर्धा तास घालवणारा. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याच्या शेजारी गौरव, त्यांचा ढोलकीवाला. गौरवचा हात मात्र चांगला आहे. त्याला मी ओळखतो. त्याचं आमच्या बाजूला कामानिमित्त येणं असतं, आणि धोपाव्याच्या जेटीवर बोटीची वाट बघत आम्ही कितीदा तरी एकत्र चहा प्यालो आहोत. मी बसल्याबसल्या त्याला हात केला. त्याने माझ्या मांडीजवळची खोळ बघितली, मग लवूच्या शेजारी बसलेली तेजस्वी बघितली, आणि सुजयच्या कानाला लागला. सुजयने हाताने त्याला झटकलं. त्याचं गाणं ठरलेलं असणार.

गण झाला, गौळण झाली. आमच्या बाजूने ते खेळणं वाजत होतं. दिवे पळत होते, गडी नाचत होते. लवू गात होता आणि मी त्याची मान बघत होतो. अजून कुठे अडला नव्हता.

मग सुजय सवालाला उभा राहिला. गौरवने ठेका दिला आणि सुजयने सूर लावला:

"ओळ अडते तेव्हा ढोलकी का घुमते?
कानाशी तुझ्या कोण रे कुजबुजते?
भर सभेत सांग शाहिरा आज,
शाहिरी कुणाची, कुणाचा हा साज?"

आणि लगेच पुढे: चौदा रत्नं सांग, एकही न गाळता, कुणाला न विचारता सांग.

मांडवात कुजबुज झाली. मागे कुणीतरी म्हणालं, काय म्हणतोय तो? माझे कान गरम झाले. ओळी सुजयच्या होत्या, पण बोलणं माझं होतं. मागच्या उन्हाळ्यात जेटीवर गौरव म्हणाला होता, बुवांचं वय झालं तरी काय पाठांतर आहे. मला ते सहन झालं नव्हतं. वाहवा सगळी बुवांची, आणि राबतो कोण? म्हणून मी त्याला सांगितलं. कसला पाठांतर, चौदा रत्नांत तिसऱ्या कडव्याला दर वेळी अडताय, मी हत्ती म्हणतो तेव्हा सुटताय. असं. हसत हसत. वादकावादकांत अशी बोलणी होतात. आणि गौरवलाच सांगितलं असंही नाही. चिरेखाणीवर एकदा निघालं होतं बोलणं. फेरीबोटीच्या तिकीटवाल्याकडे एकदा. जनीच्या माहेरी एकदा, जेवताना. कुठे वाईट बोललो नाही मी लवूबद्दल. माझं काम किती आहे तेवढं सांगत होतो.

लवूने सवाल ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याने तेजस्वीकडे बघून मान हलवली आणि चौदा रत्नांचं पद उचललं.

पहिलं कडवं स्वच्छ गेलं. दुसरंही गेलं. धन्वंतरी आला, चंद्र आला, कामधेनू आली. झीलकऱ्यांनी ओळ परतवली, गड्यांनी गिरकी घेतली, आणि लवूची मान जरा वर गेली.

अडला. मी खोळीची चेन ओढली. अर्धी ओढली. तो आता बघेल म्हणून मी खुर्चीच्या कडेवर आलो. लवूने माझ्याकडे बघितलं नाही. सुजय पुढे वाकून बसला होता, गौरवने ढोलकीवरचे हात थांबवले होते. आता ते घड्याळ पुढे जाणार आणि लवू मागे राहणार. आणि देवाशपथ सांगतो, तेव्हा एवढ्याशा क्षणासाठी मला आनंद झाला होता.

घड्याळ पुढे गेलं नाही. तेजस्वीने एका बटणावर अंगठा ठेवला आणि दिवा शेवटच्या चार घरांतच फिरायला लागला. त्याच चार ठोक्यांवर गोल गोल. ठेका चढल्यासारखा वाटला, गड्यांनी त्यावर पाय आपटले, घुंगरांचा आवाज वाढला. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. आणि डाव्या हाताने तिने पट्ट्यांवर पाच-सहा सूर काढले, बासरीच्या आवाजात, अगदी हलके. तिसऱ्या कडव्याच्या चालीचं तोंड होतं ते. शब्द नाही, नुसती चाल. एकदा वाजवली. लवूचे डोळे हलले. दुसऱ्यांदा वाजवली, आणि त्याने सूर उचलला, आणि सुराबरोबर ऐरावत बाहेर आला. त्याच्यामागून रंभा आली, घोडा आला, विष आलं. चौथं कडवं तर त्याने असं काही गायलं की मुंबईकर मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागले. धनुष्य, शंख, शेवटी अमृत. चौदा.

तिने अंगठा उचलला होता. दिवा पुन्हा सोळा घरांतून पळत होता.

लवू तिथे थांबला नाही. सुजयकडे हात करून त्याने जागच्या जागी जोडलं:

"डोळे उघडून बघ रे शाहिरा,
कुजबुजणारं दिसतंय का कोण?
लेक बसली माझी बाजूला,
बोटं तिची बोलतात, मुखी तिच्या मौन."

मांडव हसला, शिट्ट्या पडल्या. दाभोळवाल्यांचे लोक पण हसले. सुजयचा सवाल तिथेच फसला, कारण शाहिराच्या कानाशी खरोखरच कुणी नव्हतं. असतो तर मी असतो. मी लवूच्या शेजारी असतो, वाकलो असतो, हत्ती म्हणालो असतो, आणि साऱ्या मांडवाने ते बघितलं असतं, कारण सुजयने त्यांना कुठे बघायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं.

हे मला तिथल्या तिथे कळलं. कळलं तरी माझा स्वभाव जात नाही. सामना संपल्यावर मी मांडवाच्या मागे गेलो. लवू फेटा सोडून बाकावर बसला होता आणि तेजस्वी वायरी गुंडाळत होती.

"चांगला झाला," मी म्हणालो. "पण लवू, ता वाद्य नव्हे. ढोलकीचा घाम येत नाय त्याला. तू मना एक हाक मारायचीस."

लवूने मुलीला पाणी आणायला पाठवलं. ती गेली. मग तो म्हणाला, "चौदा रत्नांचा गौरवला कोणी सांगितलान?"

मी म्हणालो, तसं नाही, एकदा सहज निघालं.

"सहज," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. "शिमग्यात मी दाभोळला जात होतंव. फेरीबोटीवर एक बाई. मी तिला ओळखत पण नाय. मना इचारते, बुवा, डोस्का आता बरा हाय ना तुमचा? माझ्या डोस्क्याला काय झाला ता तिला कसा कळला, बाबू?"

मी ढोलकी खाली टेकवली.

"सात वर्षं तू मना सांभाळलास. नाय म्हणत नाय मी. पण दर टायमाला सांभाळलास, नि दर टायमाला कुणाला तरी जाऊन सांगितलास. तू शब्द सांगायचास तवा मना शब्द मिळायचा, नि लाज वाटायची. वाटायचा, आता ह्यो उद्या जेटीवर बोलंल. मग मी तेजूला सांगितला. एकदाच. ती म्हणाली, बाबा, चाल ऐकली की तुमाला शब्द येतात, तर आपण चाल ठेवू. तिनं ता यंत्र आणलान. ता सांभाळताय नि गप ऱ्हाताय. मना दुसरा काय पायजे?"

तेजस्वी तांब्या घेऊन आली. तिने आधी बापाला दिला, मग मला दिला. "काका, घ्या ना," म्हणाली. मी दोन घोट घेतले आणि खोळीची चेन लावून घरी आलो. जनीने विचारलं काय झालं. मी काही नाही म्हणालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, कारण काही नाही हे उत्तर तिला माझ्याकडून कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटच्या कामासाठी धोपाव्याला जावं लागलं. जेटीवर गौरव होता. रात्री इथे नातेवाइकांकडे राहिला होता आणि आता बोटीची वाट बघत होता. त्याने दोन चहा सांगितले, माझ्यासाठी जागा केली.

"काका, काल तिसऱ्याला बुवा अडले ना? मी बघत होतो. मान वर गेली त्यांची, तुम्ही सांगितलं होतं तशी. पण सुटले कसे? त्या पोरीने काहीतरी केलं. काय केलं तिने?"

मला ठाऊक होतं तिने काय केलं ते. अंगठा कुठे ठेवला, सूर कुठले काढले, सगळं. बाकावर दोन-तीन जण आणखी होते, तेही ऐकायला वळले. पुढच्या वर्षी सुजय त्यावर दुसरं गाणं बांधेल, हे पण ठाऊक होतं.

"अडले नायत," मी म्हणालो. "तो ठेकाच तसा बसवलेला."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात. दर वेळी अडतात, तुम्ही हत्ती म्हणता."

"मी थाप मारली होती."

"थाप?"

"बुवा कधीच अडत नायत. मी कधी कायपण सांगितला नाय त्यांच्या कानात. लोक त्यांनाच वाखाणतात, मना कोण इचारीत नाय, म्हणून मी आपला सांगत सुटलो. सात वर्षं. ज्याला त्याला."

मी हे जरा मोठ्यानेच म्हणालो, बाकावरच्यांना ऐकू जाईल असं. तिकिटाच्या खिडकीतला माणूसही बघायला लागला. त्यालाही मी कधीतरी सांगितलं होतं.

"आणि ती पोरगी नि तिचं ते मशीन?" गौरवने विचारलं.

मी कप बाकावर ठेवला. "चांगला वाजवते," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा बरा."

बोट लागली. गौरवने चहा अर्धाच सोडला आणि उठला. उठताना त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. ज्याला ठेका कळत नाही, गळा नाही आणि घरी बसवलं तर वाईट दिसतं म्हणून आणलेला असतो, अशा माणसाकडे मी आयुष्यभर तसंच बघत आलो आहे. तो बोटीत चढला, आणि बाकावरचे दोघं-तिघंही माझ्याकडे पाठ करून त्याच्या मागोमाग गेले.